पेटीतली पुस्तके

आमच्या मानोऱ्यात एक वयोवृद्ध मौलवीसाहेब वारले. मागे लोखंडी पेटीभर उर्दू-फारसी पुस्तके राहिली. मुलांना ती लिपी येत नाही. 'सर, रद्दीत देऊ का?' असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही गप्प बसलो.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत मुंबईस गेलो, तेव्हा फोर्टमधील के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट पाहिली. १९१६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत मुल्ला फिरोज ग्रंथालयाचा संग्रह आहे. नावावरून आम्हाला कोणी मुस्लिम आलिम वाटले होते. पण मुल्ला फिरोज (१७५८-१८३०) हे पारशांच्या कदमी पंथाचे दस्तुर, म्हणजे धर्मगुरू. पारशी पंचांगातील एका महिन्याच्या फरकाचा वाद होता. त्याचा निवाडा विचारण्यासाठी त्यांचे वडील मुल्ला काऊस १७६८ साली इराणला निघाले, ते मुलाला सोबत घेऊनच. फिरोज तिकडे फारसी शिकले, बगदादला अरबी शिकले आणि १७८० साली परतले. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी मृत्युपत्राने समाजाला दिला व त्यातून हे ग्रंथालय उभे राहिले. आपल्या भाषेत हा वक्फच.

पण नुसत्या वसीयतीने पुस्तके टिकत नाहीत. त्यांचा फारसी 'जॉर्जनामा' त्यांच्या मृत्यूनंतर १८३७ साली आप्तानेच छापून घेतला. १८७३ साली एडवर्ड रेहात्सेक या हंगेरीकडून आलेल्या विद्वानाने ग्रंथालयातील अरबी, फारसी, तुर्की व हिंदुस्थानी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. हिंदुस्थानी म्हणजे आपली उर्दूच. दौलत पारशी दस्तुराची, मेहनत परदेशी माणसाची. आणि जपले गेले त्यात इस्लामी जगाचे इल्मही.

आपल्याकडे मशिदीसाठी, कब्रस्तानासाठी जमीन देणारे गावोगाव आहेत. पुस्तकांची साधी यादी करणारा मात्र सापडत नाही. मग वारसांना ती ओझे वाटली, तर दोष त्यांना एकट्यांना कसा द्यावा?

परतल्यावर आम्ही मौलवीसाहेबांच्या ओट्यावर पेटी उघडली. सातवीची चार मुले सोबत घेतली. वही आखली : अनुक्रमांक, नाव, भाषा, लेखक, पाने. मगरिबपर्यंत एकतीस पुस्तके नोंदली. धाकटा मुलगा दारात उभा होता. शेवटी आत येऊन बसला आणि म्हणाला, 'सर, ह्यात काय लिहिलंय ते तरी सांगा.'

पेटी अजून घरातच आहे. ती कोणाच्या हवाली करायची, हे आता गावाने ठरवायचे आहे.