‘गुड मॉर्निंग’पासून वसतिगृहापर्यंत

परदेशात पीएचडीला जायचं म्हटलं की व्हिसा, स्टायपेंड, गाईड यांची चौकशी तुम्ही करताच. तिथली मुलं आपल्याशी बोलतील का, हा प्रश्न बहुतेकांना तिथे पोचल्यावर पडतो. प्रश्न जुनाच आहे.

१९०९ साली न्यूयॉर्कमध्ये वायएमसीएचं काम करणाऱ्या हॅरी एडमंड्स यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो म्हणाला, मला इथे येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच.

मग एडमंड्स पतिपत्नी अशा मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवू लागले. पुढे धाकट्या रॉकफेलरांनी पैसा दिला आणि १९२४ मध्ये ‘इंटरनॅशनल हाऊस’ उभं राहिलं. यातली खरी युक्ती मला ही वाटते की अमेरिकन विद्यार्थ्यांनाही तिथेच राहायला घेतलं. नाहीतर ते परदेशी मुलांचं आणखी एक बेट झालं असतं.

कॅलिफोर्नियात बर्कलीला असंच घर बांधायचं ठरलं, तेव्हा मात्र गावात मोठा विरोध झाला. वेगवेगळ्या वर्णांची मुलं, त्यात मुलीसुद्धा, एकाच छपराखाली! एडमंड्सनी जागा मुद्दाम पीडमाँट अव्हेन्यूवर निवडली. परदेशी आणि गोरेतर मुलांना दारं बंद ठेवणाऱ्या फ्रॅटर्निटी तिथेच होत्या. १९३० मध्ये घर उघडलं; आजही चालू आहे.

तेव्हा ऑफर लेटर आलं की तिथल्या सीनियरला लॅबमधल्या उपकरणांबरोबर एवढंही विचारून घ्या: दुपारी जेवायला कोण कोणाबरोबर बसतं?