इनाम कोण ‘चालवतो’?

चिंचवडच्या कारखान्यांत ‘काय चालवतोस?’ असे विचारले की ‘लेथ’ किंवा ‘प्रेस’ असे उत्तर येते. याच गावच्या देव घराण्याला गणपतीच्या पूजेअर्चेसाठी इनामे होती, आणि इनामपत्रांतही हे क्रियापद पदोपदी भेटते. मात्र तिथे ते आजच्या अर्थाने वाचले तर फसगत होते.

पेशवाईत एका इनामाची पत्रे अनेकांच्या नावे निघत. इनामदाराच्या पत्राचा शेवट साधारणपणे वंशपरंपरेने इनाम ‘अनुभवून सुखरूप राहणे’ असा होई. महसूल वसूल करणाऱ्या कमाविसदाराला किंवा गावच्या मोकदमाला, म्हणजे पाटलाला, मात्र इनाम ‘चालवणे’ अशी आज्ञा असे. देणगी एकच, क्रियापदे दोन. म्हणजे ज्याच्या हाती जमीन आली, तो इनाम चालवणारा नव्हे. ते अडवू न देता पुढे सुरू ठेवणारा अधिकारी इनाम चालवणारा. पत्राची नक्कल ठेवून अस्सल पत्र ‘भोगवटियास’, म्हणजे उपभोगाचा पुरावा म्हणून, इनामदाराला परत देण्याची सूचनाही अशा पत्रांत येते. अधिकारी बदलला, तरी चालवण्याचे ओझे नव्या अधिकाऱ्यावर जावे म्हणून ही तजवीज.

इंग्रजी अंमलात इनामांची छाननी झाली. 1852 च्या अकराव्या कायद्याने त्या चौकशीचे नियम घातले. कोणते इनाम पुढे ठेवायचे हे सांगताना त्या कायद्याने ‘कंटिन्यू’ हे क्रियापद वापरले. सनदेतल्या ‘चालवणे’ची इंग्रजी जोडी ती, ‘रन’ नव्हे.

‘रन’ची जोडी जुळते ती कारखान्यात. जुन्या इंग्रजीत स्वतः धावण्याचे आणि दुसऱ्याला धावायला लावण्याचे क्रियापद वेगवेगळे होते. पुढे दोन्ही एकाच ‘रन’मध्ये मिसळली. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले. मराठीत मूळ संस्कृत ‘चल्’, प्राकृतात ‘चल्लइ’, त्यातून ‘चालणे’. आणि करवून घेणारा वेगळा दाखवायला त्यात ‘व’ घातला की ‘चालवणे’. मशीन चालते, कामगार चालवतो.

1962 मध्ये औद्योगिक वसाहती उभारणारी एमआयडीसी स्थापन झाली, 1970 मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली. कारखान्यांच्या या पट्ट्यात ‘चालवणे’ म्हटल्यावर आता आधी यंत्र आठवते. सनद वाचताना तो अर्थ बाजूला ठेवावा. तिथे चालवणारा असतो सरकारचा अधिकारी, आणि त्याचे काम एवढेच, की चालत आलेले थांबू नये.