दातांच्या दवाखान्याची तपासणी कोण करतो?

तामिळनाडूतील वाणियंबाडी येथील एका दंतचिकित्सालयात उपचार घेतलेल्या दहा जणांना २०२२-२३ मध्ये मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य रोगाने गाठले. संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी आठ जण दगावले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांसह संशोधकांनी या प्रकरणाचा मागोवा घेतला. त्यांचा शोधनिबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा समोर आलेले कारण विलक्षण साधे होते. सलाईनची बाटली उघडण्यासाठी हिरडीच्या शस्त्रक्रियेत वापरायचे अवजार वापरले जात असे आणि उरलेले सलाईन, बाटली सैलसर बंद करून, पुढच्या रुग्णांसाठी ठेवले जात असे.

असा प्रकार आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात घडत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? या प्रश्नाला महाराष्ट्रात एक उत्तर नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यान्वये आलेली राज्य दंत परिषद डॉक्टरांची नोंदणी करते आणि गैरवर्तनाची तक्रार आल्यास नाव नोंदवहीतून कमी करू शकते. (या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला, नोंदणीचे तत्त्व त्यातही आहे.) मात्र परिषदेची नोंदणी डॉक्टरची असते, दवाखान्यातील अवजारांची नव्हे. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या संस्थांसाठी आहे. खाटा नसलेला, एका खुर्चीचा दवाखाना त्याच्या चौकटीबाहेर राहतो. सर्व प्रकारच्या दवाखान्यांना लागू होणारा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ‘एनएबीएच’चे मानांकन दंतचिकित्सालयांनाही मिळते, पण ते ऐच्छिक आहे. परिणामी कचरा एका मंडळाकडे, क्ष-किरण दुसऱ्याकडे, पदवी तिसऱ्याकडे आणि निर्जंतुकीकरण बहुतांशी डॉक्टरांच्या सदसद्विवेकावर, अशी वाटणी झाली आहे.

तेव्हा रुग्णानेच डोळे उघडे ठेवणे आले. पहिली गोष्ट, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. तो दवाखान्यात लावणे आणि औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवर छापणे आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. वातानुकूलित प्रतीक्षागृह आणि चकचकीत फरशी यांवरून मात्र काहीही सिद्ध होत नाही.

खरी कसोटी अवजारांची. नुसत्या उकळत्या पाण्याने जिवाणूंची बीजे मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफ लागते. १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे. अवजारे बंद पाकिटात ठेवून ही प्रक्रिया होते आणि पाकिटावरील खुणेचा रंग बदलतो. ते पाकीट रुग्णासमोर फोडले जाते का, हे पाहावे. अर्थात बदललेला रंग पाकीट उष्णतेतून गेल्याचे सांगतो, जंतू मेल्याची हमी देत नाही. त्यासाठी जिवंत बीजे असलेली चाचणीपट्टी यंत्रात ठेवून तपासावी लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार ही चाचणी दर आठवड्याला व्हायला हवी. ‘शेवटची चाचणी कधी झाली?’ हे विचारण्यात संकोच कसला? नोंदवही ठेवणारा डॉक्टर ती आनंदाने दाखवतो.

दात कोरणाऱ्या यंत्राची मूठ, म्हणजे हँडपीस, हा अनेकदा दुर्लक्षित राहणारा भाग. तिच्या आत रुग्णाची लाळ व रक्त ओढले जाऊ शकते. ती स्पिरिटने पुसून भागत नाही. प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्येच जायला हवी. त्यामुळे दिवसाला वीस रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यात दोनच हँडपीस असतील, तर हिशेब जुळत नाही.

पाण्याकडे तर क्वचितच कोणी पाहते. खुर्चीला जोडलेल्या बारीक नळ्यांत पाणी साचून राहते आणि आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर धरतो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका महिलेचा लीजनेअर्स रोगाने झालेला मृत्यू अशाच नळीतील पाण्याशी जोडला गेला. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे २०१६ मध्ये दातांवर उपचार झालेल्या अनेक लहान मुलांना जबड्याचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. नळ्यांची नियमित रासायनिक सफाई आणि दोन रुग्णांदरम्यान २० ते ३० सेकंद पाणी वाहू देणे, ही किमान दक्षता. दात काढताना किंवा हिरडी कापताना तर नळीतले पाणी चालतच नाही. निर्जंतुक सलाईनच लागते आणि ते त्याच रुग्णासाठी उघडलेले असावे लागते. वाणियंबाडीत चुकले ते इथेच.

कचऱ्यासाठी २०१६ चे नियम स्पष्ट आहेत. छोट्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र लागते. सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, काढलेला दात पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. क्ष-किरण यंत्राची नोंदणी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असते. किरण सोडताना मदतनीस रुग्णाच्या तोंडात फिल्म धरून उभा असेल, तर तिथल्या शिस्तीविषयी शंका घ्यायला जागा आहे.

तक्रार करायची वेळ आलीच, तर व्यावसायिक गैरवर्तनासाठी राज्य दंत परिषद आणि नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग ही दोन दारे आहेत. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. दोन्हीकडे कागद लागतो. पावती, क्ष-किरण फिल्म आणि कोणत्या दातावर कोणते उपचार झाले याची लेखी नोंद, या तीन गोष्टी खुर्चीवरून उठल्यावर त्याच दिवशी मागून घ्याव्यात. सहा महिन्यांनी त्या मिळवणे अवघड जाते.