विंडरश नदी

विंडरश : टेम्स नदीला डाव्या तीरावर मिळणारी दक्षिण इंग्लंडमधील एक लहान नदी. लांबी सु. ६५ किमी. ती ग्लॉस्टरशायर परगण्यात कॉट्सवोल्ड टेकड्यांवर टॅडिंग्टन गावाजवळ उगम पावते आणि ऑक्सफर्डशायरमधील न्यूब्रिज येथे टेम्सला मिळते.

कॉट्सवोल्डचा वायव्येकडील कडा उभा आहे, आग्नेयेकडील उतार मात्र अगदी सौम्य. नदी या सौम्य उतारावरून वाहते. तिचा उगम कड्यापासून फार दूर नाही. कड्यापलीकडे पडलेला पाऊस सेव्हर्नकडे जातो. येथील चुनखडक जुरासिक काळातील असून त्याचे कण माशाच्या गाभोळीसारखे दिसतात. पावसाचे पाणी या खडकात मुरते, खालच्या चिकणमातीशी अडते आणि झऱ्यांवाटे बाहेर पडते. त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला पाणी असते आणि ट्राउट मासा तिच्यात टिकतो. बर्फर्डजवळच्या टेंटन येथील खाणींचा दगड ऑक्सफर्डमधील अनेक जुन्या इमारतींना लागला आहे.

बोर्टन-ऑन-द-वॉटर येथील ठेंगणे दगडी पूल पाहायला पर्यटकांची झुंबड उडते. पण तेथे नदी बांधीव काठांतून वाहणाऱ्या उथळ पाटासारखी झाली आहे. गावाच्या खाली तिला डिकलर ही उपनदी मिळते. बर्फर्ड ते मिन्स्टर लव्हल हा टप्पा भूगोलाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगाचा : वळणे घेणारे पात्र, पुराखाली जाणारी कुरणे आणि काठावर पंधराव्या शतकातील वाड्याचे अवशेष.

विटनी हे खोऱ्यातील मोठे गाव ब्लँकेटांसाठी प्रसिद्ध होते. विणलेले लोकरी कापड कुटून दाट करणाऱ्या गिरण्या नदीच्या पाण्यावर चालत. १६६९ पासून या धंद्यात असलेल्या अर्ली घराण्याच्या नावाची गिरणी २००२ मध्ये बंद पडली. जुलै २००७ च्या पुरात विटनीतील अनेक घरांत पाणी शिरले.

विटनीच्या खाली खोरे सपाट होते व नदीचे दोन फाटे पडतात. येथे वाळू-खडीचे जाड थर आहेत. बांधकामासाठी ते उपसल्यावर राहिलेल्या खड्ड्यांत भूजल साठून स्टँडलेकच्या परिसरात तळ्यांची रांगच तयार झाली. नकाशावर नैसर्गिक वाटणारी ही तळी मानवनिर्मित आहेत.

कॅरिबियन बेटांवरील प्रवासी घेऊन जून १९४८ मध्ये टिलबरी बंदरात आलेल्या ‘एम्पायर विंडरश’ जहाजाला याच नदीचे नाव दिले होते. अलीकडे नदी गाजते ती तिच्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यामुळे. त्याविरुद्ध खोऱ्यातील रहिवाशांनी चळवळ उभारली आहे.