अडीच शेराचा हिशेब: आईवडिलांचं गणित आणि मुलांची शाळा

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात एक रकाना होता: ‘पालकांचे शिक्षण, इयत्ता’. त्यावरून पालकांचं गणित ठरवायचं आणि मुलांच्या गुणांशी त्याचा संबंध तपासायचा, असा साधा बेत होता. तो रकाना मी का खोडला, ते आज सांगते. त्यासाठी थोडं मागे, कुर्डुवाडीला जाऊ.

कुर्डुवाडी हे रेल्वेनं वाढवलेलं गाव. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी इथून बार्शीला धावू लागली, पुढे वर्कशॉपही आलं. ज्वारीच्या या मुलखात कामगाराचा पगार, दुकानदाराची उधारी, बाजारातला भाव, सगळं रुपये-आणे-पै आणि मण-शेरात चालायचं. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, मणाचे ४० शेर.

मग लोक तोंडी हिशेब कसा करायचे? पाढ्यांनी! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पंतोजींच्या शाळेपासून घोकून घेतले जात. त्यातून आडाखे निघतात. एक बघा: मणाचा भाव जितके रुपये, अडीच शेराला तितकेच आणे. कारण ४० भागिले १६ म्हणजे अडीच. समजा ज्वारी १२ रुपये मण आहे, तर अडीच शेराला १२ आणे. कागद-पेन्सिल हवीच कशाला?

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो आला. चार आण्यांचे २५ पैसे नीट होतात, पण एका आण्याचे सव्वासहा! आणि एक शेर म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. अडीच शेराचा आडाखा तिथंच संपला. पोराच्या वहीत दशांश चिन्ह आलं आणि बापाचं तोंडपाठ गणित शाळेच्या दृष्टीनं बिनकामाचं ठरलं. बाप तोच, डोकंही तेच.

आता संशोधनाकडे येऊ. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या एमिली ब्रॅहम आणि मेलिसा लिबर्टस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलं आणि त्यांचे पालक, दोघांच्याही गणिती क्षमता मोजल्या. त्यांच्यात संबंध दिसला. पण तिथे दोन्ही पिढ्यांच्या डॉलरचे सेंट १००च होते. १९६० च्या कुर्डुवाडीत दशांशांची चाचणी पालकांना दिली असती, तर बरेच जण कागदावर ‘कच्चे’ ठरले असते. आपण मोजलं असतं नाणं बदलल्याचा परिणाम आणि नाव दिलं असतं ‘पालकांची क्षमता’.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. नवी पद्धत मुलांना सोपी जाईल, अशी तिच्यामागची भूमिका होती. पण घरात अभ्यास घेणाऱ्या आईच्या तोंडी ‘एकवीस’च होतं ना?

म्हणून माझ्या प्रश्नावलीत आता एका रकान्याऐवजी दोन प्रश्न आहेत: पालकांना कोणतं गणित येतं? आणि मुलाच्या पुस्तकात त्याला कुठे जागा आहे? तुमचं साधन तयार करताना दुसरा प्रश्न विसरू नका. नाहीतर अडीच शेराचा हिशेब क्षणात सांगणारा माणूस तुमच्या तक्त्यात नुसता ‘अशिक्षित’ म्हणून नोंदला जाईल.