अक्कलकोटचा सरंजाम

लढणाऱ्याच्या चाकरीचा मोबदला राज्याने कसा चुकता करावा, या प्रश्नाचे मराठेशाहीने दिलेले उत्तर सोलापूर जिल्ह्यात अक्कलकोटला नीट वाचता येते. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडे निघालेल्या शाहू महाराजांना पारदच्या सयाजी लोखंडे पाटलाने अडवले आणि लढाईत तो मारला गेला. त्याच्या विधवेने लहानगा राणोजी महाराजांच्या ओटीत घातला. महाराजांनी त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, त्याला भोसले कुळात घेतले आणि पुढे अक्कलकोटचा मुलूख दिला. हे तर दयेचे दान, चाकरीचे नव्हे, असे कोणी म्हणेल. सुरुवातीपुरते ते खरे आहे. पण फत्तेसिंहाने कर्नाटकच्या स्वाऱ्या केल्या आणि १७४१ साली तिरुचिरापल्ली घेताना तो रघुजी भोसल्यांबरोबर होता. मुलूख घराण्याकडे टिकला तो या तलवारीच्या जोरावर.

रोमची रीत वेगळी होती. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये सैनिकांसाठी स्वतंत्र खजिना उभारला, त्यासाठी वारसाहक्कावर कर बसवला आणि सेवा संपवणाऱ्या शिपायाला ठरीव रक्कम मिळू लागली. परमुलखातून भरती झालेल्या साहाय्यक पथकांतल्या सैनिकाला पंचवीस वर्षांनंतर नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला म्हणजे तारेने बांधलेले, सात साक्षीदारांच्या मोहरा उठवलेले काशाचे दोन पत्रे. तो निघे त्या शिपायाच्या नावाने, सेनापतीच्या नव्हे. आपल्याकडे सरंजाम, म्हणजे चाकरीसाठी नेमून दिलेल्या मुलखाचे उत्पन्न, मिळे सरदाराला. त्या उत्पन्नातून त्याने घोडेस्वार पोसायचे आणि हुकूम येताच हजर व्हायचे. स्वाराचा पोशिंदा सरदारच, मग त्याची निष्ठा सातारच्या गादीपर्यंत पोचणार कशी? माझ्या मते मराठी सत्तेची खरी दुखरी नस हीच.

तिजोरी रिकामी होती, शाहू महाराज दुसरे काय करणार, हा आक्षेप वजनदार आहे. जिंजीला गेलेल्या राजारामांपुढेही तीच अडचण होती. तरीही शिवाजी महाराजांनी सैन्याला रोख वेतन देण्याचा कटाक्ष ठेवला होता, म्हणजे धोका माहीत नव्हता असे नाही. अडचणीत काढलेली तोड पुढे वहिवाट झाली, इतकेच. सरंजाम चाकरीपुरता असायचा, मनात आले तर राजाने काढून घ्यायचा. प्रत्यक्षात तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला. अक्कलकोटच्या स्वारांचे पथक इंग्रजी अमलात १८६८ साली बंद झाले, त्याऐवजी दरसाल १४,५९२ रुपये द्यायचे ठरले, आणि चाकरी उरली नाही तरी संस्थान १९४८ पर्यंत भोसल्यांकडेच राहिले.