कुमरीतून परसात: जोयड्याचे कंद

जोयडा तालुक्यातील कुणबी पूर्वी कुमरी करीत: रान तोडून जाळायचे, राखेत नाचणी पेरायची, मग जमीन पडीक सोडायची. १८६२ मध्ये जोयडा ज्यात येतो तो उत्तर कॅनरा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला. सागवानावर डोळा असलेल्या वनखात्याने कुमरीवर बंधने घातली. रान उजाड झाल्याचा दोष मात्र कुणब्याच्या कोयत्याला दिला. कुमरी आकसली, पण कंद टिकले ते परसात. मुडली हे थोराड अळकूड, शिवाय कणगर, कोनफळ, सुरण. लावणी पावसाच्या तोंडावर, खणणी हिवाळ्यात. इथल्या धुवांधार पावसात पाणी तुंबले की कंद कुजतो, म्हणून माती उंच ओढतात. पुढे काळी नदीवरील धरणात तालुक्याचे जुने ठाणे सुपे बुडाले आणि ठाणे जोयड्याला आले. हल्ली तेथे हिवाळ्यात कंदांचा मेळा भरतो.